पिशवी काढायचीच का? मामीच्या गाठीवरून घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

मामा: सगळ्यांना एकदाच सांगतो. हिची सोनोग्राफी झाली. पिशवीत फायब्रॉइडची, म्हणजे स्नायूची साधी गाठ आहे, सात सेंटिमीटरची. हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टर म्हणाले पिशवीच काढून टाका. दिवाळीनंतर इथेच संगमनेरला करायचं ठरतंय.

आई: अगं बाई! तरीच राखीला आली तेव्हा पांढरीफटक दिसत होती. विचारलं तर म्हणे दगदगीने.

मावशी: वहिनी, काढून मोकळी हो. माझी दुर्बिणीतून काढली, तिसऱ्या दिवशी घरी आले. दर महिन्याची कटकट गेली ती गेलीच. मला एकदाही वाईट वाटलं नाही.

मामी: पटतंय ताई. पण दीड महिना वजन उचलायचं नाही म्हणतात. माझ्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्याचं काय करू? घेणारी माणसं एकदा दुसरीकडे गेली की परत येत नाहीत. आणि खरं सांगू, सारखं अंगावरून जातं म्हणून अख्खा अवयवच काढायचा, हे मनाला पटत नाही.

काका: (फॉरवर्डेड) गाठ कोणतीही असो, कांचनाराची साल २१ दिवस…

आई: भाऊजी, आत्ता नको.

मी: मामी, घाई करू नकोस. दुसरा एक उपाय आहे, मी काम करते त्या कॅथलॅबमध्ये होतो, अँजिओग्राफी करतात तिथेच. एम्बोलायझेशन म्हणतात. ड्युटी संपली की सविस्तर लिहिते.

आजी (चिंटू टाइप करतोय): आजी म्हणतेय, माझी काढली तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली हे चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत सांगितलं. तोवर अंगाची नुसती आग व्हायची आणि घरातले म्हणायचे हिचा स्वभावच तापट झालाय. सूनबाई, काढायची तर काढ, पण काय काय काढणार ते आधी कागदावर लिहून घे.

आई: आई, हे तू मला कधी बोलली नाहीस.

आजी (चिंटू): म्हणतेय, तू कधी विचारलंस?

मावशी: बीडच्या ऊसतोड बायकांचं तेच झालं ना? २०१९ मध्ये केवढं गाजलं होतं. पाळीमुळे कामाला खाडा नको म्हणून तिशीच्या आत-बाहेरच्या बायकांच्या पिशव्या काढल्या. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं थांबवायचे केंद्राचे नियम लागू करा. पण वहिनीचं तसं नाहीये. तिला खरंच त्रास आहे.

मी: हो मावशी, त्रास खरा आहे आणि तिच्या डॉक्टरांनी काही चुकीचं सांगितलेलं नाही. आता नीट सांगते. अँजिओग्राफी कशी करतात ते मामांच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. इथेही तसंच. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी आत घालायची, पडद्यावर एक्स-रेमध्ये बघत बघत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत न्यायची आणि तिथे वाळूच्या कणांएवढे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण सोडायचे. गाठ रक्त जास्त ओढत असते, त्यामुळे कण तिकडेच वाहत जातात आणि तिचा पुरवठा तुटतो. पिशवीला आजूबाजूच्या धमन्यांतूनही रक्त मिळतं, म्हणून ती टिकते. डावी-उजवी दोन्ही बाजूंना करावं लागतं. पूर्ण भूल नाही, टाके नाहीत. गाठ लगेच नाहीशी होत नाही, सहा महिन्यांत साधारण निम्मी होते. रक्तस्राव मात्र बहुतेकींचा त्याच्या आधीच आटोक्यात येतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, म्हणजे एक्स-रेत बघत नळीतून उपचार करणारे डॉक्टर. तालुक्याच्या गावी त्यांची ओपीडीच नसते, मग नाव निघणार कुठून?

लीड्सचा दादा: नवीन नाही हे. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं. कॉन्डोलीझा राइस यांनी २००४ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदासाठी नाव जाहीर झालं त्याच आठवड्यात करून घेतलं होतं, एक रात्र हॉस्पिटलात. इथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांतही तीन सेंटिमीटरच्या वरच्या गाठीसाठी शस्त्रक्रियेच्या बरोबरीने हा पर्याय आहे.

मामा: मग प्रश्नच मिटला. हेच करू.

मी: मामा, थांबा. रोज बघते म्हणून सांगते, पहिली रात्र वाईट असते. रक्त बंद झालेली गाठ जाम दुखते, सलाइनमधून कडक वेदनाशामक द्यावं लागतं. पुढे चार-पाच दिवस कणकण, मळमळ. आमच्याकडे बायका ‘टाके नाहीत म्हणजे काहीच नाही’ असं धरून येतात आणि रात्री नर्सवर चिडतात. त्यात त्यांची चूक नाही, आधी कोणी सांगितलेलं नसतं. साधारण दोन आठवड्यांत कामावर जाता येतं. पण मामी, डब्यांची पातेली पहिल्या आठवड्यात नाहीच.

मावशी: आणि गाठ परत आली तर? माझं एकदा झालं ते झालं.

मी: तो मुद्दा बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा साधारण एक तृतीयांश बायकांना शेवटी पिशवी काढावीच लागली. म्हणजे तिघींतल्या दोघी वाचल्या, एक नाही. मामी ४४ची आहे. पाळी गेली की गाठी आपोआप आक्रसतात, तेवढी वर्षं निभावली तरी पुष्कळ. तिशीतली, मूल हवं असलेली कोणी असती तर मी हे आधी सुचवलंच नसतं, गाठ तेवढी काढून घे म्हणाले असते.

मामी: चिऊ, माझ्या गाठीला चालेल का ते सांग.

मी: ते एमआरआयशिवाय कोणीच सांगू शकत नाही. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत लोंबकळत असेल तर खालून दुर्बिणीने काढणं जास्त सोपं. आणि एक काम त्याच्याही आधी. चाळिशीनंतर असं वेडंवाकडं जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा. एम्बोलायझेशनमध्ये गाठ जागेवरच राहते, तपासायला हातात काही येत नाही. कॅन्सरची शंका असेल तर हा विषय तिथेच संपतो. हो, चाळिशीच्या पुढे यानंतर कधीकधी पाळी कायमची जाते, तेही विचारात घे.

मामा: खर्च?

मी: स्वस्त नाही. नळ्या आणि कण एकदाच वापरायचे, बिल त्यांचंच चढतं. विमा असेल तर आधी मंजुरी घ्या, नंतर भांडत बसायला नको. परळला केईएममध्येही इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी आहे, तिथे खर्च बराच कमी, पण वाट बघायची तयारी हवी.

काका: माझा प्रश्न. कांचनार चालू ठेवून हे करता येईल का?

मी: काका, जे काही घेते ते डॉक्टरांना सांगायचं, एवढंच.

मामी: ठरवलं. आधी तुकड्याची तपासणी आणि एमआरआय. दिवाळीनंतरची तारीख तशीच राहू द्या म्हणाले हे, डॉक्टरांशी बोलून घेतील. इथले डॉक्टर आणि तुमचे रेडिओलॉजिस्ट, दोघांचं ऐकून मग बघते.

मावशी: चालेल. पण पिशवी काढायची ठरली तर डब्यांना मी येते पंधरा दिवस. बाकीचं तुम्ही बघा.

मी: मामी, काहीही ठरव, हिमोग्लोबिन आधी वर आण. ७.८वर कुठल्याच ऑपरेशन टेबलावर झोपू नकोस. शिरेतून लोह देतात ते विचार. आणि एमआरआयला जाशील तेव्हा सीडी मागून घे, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर आमचे सर काही बोलत नाहीत.