खाडीच्या पाण्यात नत्र-स्फुरदाची मर्यादा कशी ठरवायची?

काठावरचा
कोकणातल्या एका खाडीचे दोन वर्षांचे मासिक आकडे हाताशी आहेत. मुखापासून वर गोड्या पाण्यापर्यंत सहा ठिकाणं. क्षारता, नायट्रेट (नत्राचं विरघळलेलं रूप), फॉस्फेट (स्फुरदाचं), ऑक्सिजन, क्लोरोफिल (शैवालातलं हरितद्रव्य; त्यावरून शैवाल किती ते कळतं). किनारी पाण्याच्या केंद्रीय निकषांत (एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५, म्हणजे वापरानुसार पाण्याचे पाच वर्ग) नायट्रेट-फॉस्फेटला आकडा दिलेला नाही. सगळ्याची सरासरी काढून तीच मर्यादा धरावी का? जुलैत नायट्रेट खूप चढतं, ते प्रदूषणच ना?

तिवरवन
सरासरी अजिबात नको. नमुने घेण्याच्या प्रत्येक फेरीचा वेगळा आलेख काढा: आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर नायट्रेट. नदीकडचा आणि समुद्राकडचा बिंदू सरळ रेषेने जोडा. मधले बिंदू रेषेवर पडले तर नुसतं मिसळणं चाललंय. रेषेच्या वर गेले तर मध्येच कुठून तरी भर पडतेय, म्हणजे गटार किंवा कोळंबीची तळी बघा. खाली आले तर शैवाल नत्र खातंय किंवा गाळातले जिवाणू त्याचा वायू करताहेत. पण पुरात नदीचंच पाणी दोन दिवसांत बदलतं आणि काही नसताना रेषा वाकते, तेव्हा एका फेरीवर निकाल देऊ नका.

जुलैचं नायट्रेट बहुतेक शेतातून धुऊन आलेलं. पाणी गढूळ, ओढ जोराची. शैवालाला ना उजेड मिळतो ना वेळ. खरी काळजी पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर आणि उन्हाळ्यात, जेव्हा तेच पाणी खाडीत रेंगाळतं. मर्यादा ऋतूनुसार आणि क्षारतेच्या पट्ट्यानुसार वेगळी हवी.

निवळी
परिणामाकडून मागे या. फ्लोरिडातल्या टँपा उपसागरात समुद्रगवताला पृष्ठभागावरच्या उजेडाचा २०.५ टक्के वाटा मिळायला हवा, असं आधी ठरलं. तेवढा उजेड खाली पोचायला क्लोरोफिल किती चालेल ते त्यावरून, आणि त्यावरून नत्राचा भार, म्हणजे एकूण किती नत्र आत येऊ द्यायचं ते. क्लोरोफिलचं लक्ष्यही भागानुसार वेगळं: हिल्सबरो भागात लिटरमागे १३.२ मायक्रोग्रॅम, मुखाकडे ४.६. आपल्याकडे समुद्रगवत क्वचित, तर कालवं-तिसऱ्या या शिंपल्यांच्या जागा धरा. तिथे एसडब्ल्यू-१ लागू होतो: ऑक्सिजन ५ मिग्रॅ प्रतिलिटर किंवा ६० टक्के संपृक्तता (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकेल त्याच्या ६० टक्के), जे जास्त असेल ते. हा ऑक्सिजन पहाटे मोजा. दुपारी शैवाल भरपूर ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे आजारी खाडीसुद्धा ठणठणीत दिसते.

क्षार३५
आकडे जोडण्याआधी एकक तपासा. 'नायट्रेट' आणि 'नायट्रेटमधलं नत्र' यांत ४.४३ पटीचा फरक आहे; दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकत्र केले की हमखास चुकतं. शिवाय तुमच्याकडे एकूण नत्र आणि एकूण स्फुरद नाही. शैवाल फोफावलं की विरघळलेलं नत्र त्याच्या पोटात जातं आणि नायट्रेट जवळजवळ शून्य दिसतं, म्हणजे पाणी सर्वांत वाईट असताना कागदावर सर्वांत चांगलं. एकूण नत्र आणि एकूण स्फुरद मोजायला आत्ताच सुरुवात करा.

काठावरचा
आणि मर्यादा मोडली, हे कशावरून धरायचं?

निवळी
फ्लोरिडाच्या नियमांत बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आकड्यांची भौमितिक सरासरी (बेरजेऐवजी गुणाकार करून, त्याचं मूळ घेऊन काढलेली) तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा मर्यादेवर गेली तर मर्यादा मोडली. एखाद्या चढ्या नमुन्याने ती सरासरी फारशी हलत नाही. मात्र अहवालात 'आढळलं नाही' असेल तिथे शून्य लिहू नका, भौमितिक सरासरीच शून्य होईल.