'जलद साहाय्य दल' म्हणजे नेमकं कोण?

सांजवात:
एका साप्ताहिकासाठी सुदानवरचा लेख मराठीत करतेय. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे लष्करप्रमुख बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदती यांचं निमलष्करी दल 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' (आरएसएफ) यांच्यात जुंपली आहे. मी 'जलद साहाय्य दल' लिहिलं. सासूबाईंनी कच्चा खर्डा वाचला नि म्हणाल्या, "बरंय की. पुरात बोटी घेऊन येतात तेच ना?" पुढच्याच परिच्छेदात या दलाने पश्चिमेकडच्या दारफूर भागातल्या अल-जिनैना शहरात मसालित या बिगर-अरब समाजाच्या लोकांना वेचून मारल्याचं आहे. दुसरा शब्द सुचवा. शुक्रवारी द्यायचंय.

गुंडोपंत:
'शीघ्र कुमक दल' करा. कुमक म्हटलं की लढाईच आठवते, बोट नाही.

शुद्धमती:
कुमक तुर्की. 'साहाय्यसेना' असताना उसनवारी कशाला?

गुंडोपंत:
तोफही तुर्कीच. फौज, शिपाई, रसद, सगळे पाहुणे परत धाडल्यावर तुमची साहाय्यसेना लढणार कशाने? विशेषणांनी?

पॅनवरचा_भाऊ:
माझा मावसभाऊ सुदानात एका साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर होता. भारतीयांना परत आणणाऱ्या 'ऑपरेशन कावेरी'त पोर्ट सुदानहून जेद्दा आणि तिथून मुंबईला आला. त्याला विचारलं. म्हणाला, तिथले कामगार पूर्ण नाव घ्यायचेच नाहीत. नुसतं 'दअम', म्हणजे आधार. चिडले की 'जंजावीद'. रात्री कुणी "दअम आला" म्हणालं की वसाहतीतले दिवे पटापट मालवायचे. आधार आला म्हणून!

वारा_पिऊन:
जंजावीद! हा तर आपला झंझावात. अरबी व्यापारी कोकणात यायचे, जाताना घेऊन गेले असणार.

पॅनवरचा_भाऊ:
काहीही हं. जिन अधिक जवाद, म्हणजे घोडा. घोड्यावरचं भूत. कुणी म्हणतं त्यात जी-थ्री बंदुकीतला 'जी' आहे.

वारा_पिऊन:
बरं, मग दारफूरमधलं दार?

शब्दवेल्हाळ:
ते अरबी दार, म्हणजे घर. फूर लोकांचं घर. आपलं दार संस्कृत द्वारावरून आलंय. घर-दार एकत्र नांदतात म्हणून अरबांशी सोयरीक होत नाही.

मोडीवाचक:
मूळ प्रश्नाकडे या. आपल्याकडे तयार शब्द आहे, पेंढारी. पगार नाही, लूट हाच पगार, आणि वावर मोठ्या फौजेच्या आगेमागे. २००३ मध्ये दारफूरात बंड झालं तेव्हा खार्टूमच्या सरकारने अरब पशुपालकांतल्या टोळ्यांच्या हाती हत्यारं दिली आणि त्यांना फूर, झघावा, मसालित गावांवर सोडलं. २०१३ मध्ये त्यांनाच गणवेश चढवून हे साहाय्याचं नाव दिलं.

सांजवात:
मोह होतोय, पण पेंढारी लुटताना जात विचारत नसत. जिनैनात आधी "तू मसालित का?" असं विचारलं गेलं. शिवाय पेंढाऱ्यांना परदेशी चिलखती गाड्या मिळत नव्हत्या. इथे अमिरातीच्या बनावटीच्या गाड्या सापडल्यात, वर फ्रान्सची गॅलिक्स बचावयंत्रणा बसवलेली. अमिरात शस्त्रं पुरवल्याचं साफ नाकारते. लष्कराकडे इराणी ड्रोन आहेतच.

शब्दवेल्हाळ:
मग 'यादवी' तरी कसं म्हणायचं? यादव आपापसात लढून मेले. प्रभासच्या किनाऱ्यावरचं एरका गवत उपटलं आणि एकमेकांना हाणलं. ते गवत कुणी बाहेरून पुरवलं नव्हतं.

मोडीवाचक:
मौसलपर्व पुन्हा उघडा. मुसळ आलं ऋषींच्या शापातून. थट्टा घरच्या पोरांनी केली हे खरं, पण शाप बाहेरचाच. मुसळ कुटून चुरा समुद्रात टाकला, तरी ऐन वेळी गवताचं मुसळ झालंच. दारफूरवर २००४ पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी आहे, तिचं याहून वेगळं काय झालं?

शुद्धमती:
यादवीच ठेवा. 'गृहयुद्ध' हिंदीवाल्यांचं.

गुंडोपंत:
'टोळीयुद्ध' मात्र नको, भायखळ्यातलं वाटतं. 'वांशिक'ही मला खटकतं. दोन्हीकडचे मुसलमान, रंगावरूनही आपल्याला फरक कळायचा नाही. जमात म्हणावं तर आपल्या डोळ्यांपुढे तहसील कचेरीतला दाखला येतो.

खारी_बिस्कीट:
आणि 'प्रॉक्सी वॉर'ला पेपरवाले 'छुपं युद्ध' म्हणतात. सुदानात काय छुपंय? सोनं दुबईला जातं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हेमेदतींची माणसं २०१५ नंतर येमेनमध्ये सौदी-अमिरातीच्या बाजूने लढून आली, तेही उघडच. याला माझ्या आजीचा शब्द आहे, परभारे पावणेबारा.

गुंडोपंत:
पावणेतेरा.

खारी_बिस्कीट:
पावणेबारा. आजी वाईची होती.

गुंडोपंत:
काशीची का असेना. पावणेतेरा.

पॅनवरचा_भाऊ:
शब्दांचंच चाललंय म्हणून सांगतो. खमिस अबकर पश्चिम दारफूरचे राज्यपाल होते. १४ जून २०२३ ला त्यांनी एका वाहिनीशी बोलताना जिनैनातल्या प्रकाराला वंशसंहार म्हटलं. काही तासांत त्यांना उचललं आणि ठार मारलं. अमेरिकेच्या सरकारने हाच शब्द उच्चारला तो जानेवारी २०२५ मध्ये.

शब्दवेल्हाळ:
'वंशसंहार' की 'वंशविच्छेद'?

सांजवात:
संहार. विच्छेद म्हटलं की मला शवविच्छेदन ऐकू येतं. भाऊ, अबकर यांचं लेखात नाही, तळटीप घालते.
आता नवीन अडचण. सुदानने अमिरातीला हेगच्या न्यायालयात खेचलं होतं. ५ मे २०२५ ला न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटला यादीतूनच काढला. आरोप खरा की खोटा, तिथवर गाडी गेलीच नाही. कारण वंशसंहाराच्या करारात सामील होतानाच अमिरातीने नवव्या कलमाबद्दल, म्हणजे करारावरचे वाद याच न्यायालयात न्यायचे या कलमाबद्दल, 'रिझर्व्हेशन' नोंदवलं होतं. संपादकांनी त्याचं 'आरक्षण' केलंय.

मोडीवाचक:
अरे देवा. नवव्या कलमाला आरक्षण!

शुद्धमती:
'अपवादनोंद' करा.

गुंडोपंत:
'हे कलम आम्हाला लागू नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं', असं सरळ लिहा की. जागा जास्त जाते, पण कळतं.

सांजवात:
तसंच केलं. लेख गेला. पेंढारी संपादकांनी उडवलं, म्हणाले वाचकांची पत्रं येतील. सगळीकडे नुसतं 'आरएसएफ' छापलंय. सासूबाईंना अंक दाखवला, तर म्हणाल्या, "ही कुठली नवीन बँक?"

खारी_बिस्कीट:
आत्ताच मामाला फोन केला. तोही पावणेबाराच म्हणतो.

गुंडोपंत:
मामा कुठला?