शेगडीवरचं पनीर, आणि गोडाला अननस

प्रश्न असा आहे की मे महिन्यात गच्चीत माणसं जमली की शेगडीवरचं पनीर चिवट होतं आणि गोडाला आइस्क्रीमशिवाय काही सुचत नाही. कोळसे धगधगत असताना घाई करू नका. त्यांच्यावर राखाडी थर धरू द्या, मग पनीर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, बास. लावायला चक्काच घ्या. पातळ दही सगळं निखाऱ्यात गळतं. बांबूच्या काड्या भिजवून ठेवायच्या हे सांगायला नकोच.

धग उतरली की जाळी तेलात बुडवलेल्या अर्ध्या कांद्याने नीट घासा, पुसा आणि त्यावर अननसाच्या चकत्या टाका. वरून किसलेला गूळ, चिमूटभर मीठ. गूळ वितळून कडा काळसर झाल्या, चकत्या आतपर्यंत गरम झाल्या की गार श्रीखंडाबरोबर वाढा. न भाजलेला अननस घातला की दहीदूध थोड्या वेळाने कडवट होतं, ते अननसातल्या ब्रोमेलेन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे. उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून ही जोडी जमते. श्रीखंड विकतचं चालतं, उन्हाळ्यात यजमानाने किती राबायचं! कणसांचा हट्ट मात्र आत्ता नको, ती पावसाळ्यातच खावीत.