‘स्टिक’ पाहिली आणि झोप उडाली: पोराला मी शिकवतोय की माझीच हरलेली मॅच पुन्हा खेळतोय?

पालशेतकर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात पालशेतला राहतो. सुपारीची थोडी बाग आहे. गिरगावात पंधरा वर्षं नोकरी केली, वडिलांच्या आजारपणात गावी आलो आणि इथलाच झालो. वय ५४. गोल्फ मी प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही, पण हा धागा गोल्फच्या मालिकेवरून काढतोय. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

गणपतीला ठाण्याहून पुतण्या आला होता. गौरी गेल्यावर पावसाने असं धरलं की पडवीतून अंगणात उतरता येईना. तेव्हा त्याने फोनवर ‘स्टिक’ लावली. ॲपल टीव्हीवर २०२५ च्या जूनमध्ये आलेली, दहा भागांची, ओवेन विल्सन आहे तीच. इंग्रजी मला कामापुरतं कळतं, अडलं की पुतण्या थांबवून सांगायचा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्राइस काहिल हा एकेकाळचा नावाजलेला गोल्फपटू. भर स्पर्धेत, सगळ्या जगासमोर त्याचा तोल सुटतो आणि कारकीर्द तिथेच थांबते. पुढे इंडियाना राज्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी, ती पण जाते. संसार मोडलेला. अशात त्याला सतरा वर्षांचा सांती दिसतो. पोराच्या हातात देवाने घातलंय, पण बापाने शिकवताना इतकं रगडलंय की त्याला स्पर्धा नकोशी झालीय. प्राइस त्याच्या आईला कसंबसं राजी करतो, त्याची बॅग वाहणारा जुना कॅडी मिट्स आपली राहायची मोठी गाडी काढतो आणि ही सगळी वरात स्पर्धांना निघते. मालिका हसवते खूप. शेवट सांगत नाही.

पण प्राइसचा स्वतःचा मुलगा लहानपणीच गेलेला आहे. तो सांतीकडे बघतो तेव्हा नक्की कुणाकडे बघतो, हा प्रश्न मला दुसऱ्या-तिसऱ्या भागापासूनच टोचायला लागला. पुतण्या हसत होता, मी गप्प होतो.

कारण माझ्याकडे पण एक सांती आहे. तेरा वर्षांचा, आठवीत. बाप ट्रॉलरवर खलाशी, आई काजू फॅक्टरीत. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मासेमारी बंद झाली तेव्हा बापाबरोबर मंडळाच्या खोलीत आला. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी कॅरमशिवाय दुसरं काय असतं? बापाने खेळून उठून त्याला बसवलं. त्याने पहिला ब्रेक मारला आणि स्ट्रायकरचा आवाज ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. जोर नव्हता. सगळी सोंगटी हलली, पण पसरली ती त्याला हवी तशी.

तेव्हापासून रोज दोन तास मी त्याच्या मागे उभा असतो. माझ्याकडे जे होतं ते सगळं दिलं. कोपर कर्णरेषेच्या बाहेर जाऊ न देता अवघड सोंगटी कशी काढायची, राणी कधी घ्यायची, कधी सोडायची, समोरच्याची सोंगटी त्याच्याच वाटेत कशी ठेवायची. पावसात प्लाय दमट होतो, पावडर चिकटते, स्ट्रायकर अर्ध्यात मरतो. म्हणून बोर्डावर टांगायला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब शोधून आणला, एलईडीची ऊब लागत नाही.

आता माझं. १९९६ साली मुंबईत एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी. तिसरा गेम, मी २०, समोरचा १८. राणी घेतली. कव्हरला पांढरी सोंगटी कोपऱ्यापासून चार बोटांवर, साधा कट. झोपेत मारला असता. हात थरथरला. राणी परत मधल्या वर्तुळात गेली. त्याने ती कव्हर केली, बोर्ड संपवला तेव्हा माझ्या चार सोंगट्या शिल्लक होत्या. त्याच्या १८ मध्ये चार आणि राणीचे तीन, बरोबर २५, गेम त्याचा. त्यानंतर मी स्पर्धेच्या बोर्डावर बसलो नाही.

गेल्या महिन्यात चिपळूणला शालेय स्पर्धा होती. पोरगा उपांत्य फेरीत. राणी घेतली आणि कव्हर चुकला, जवळजवळ तसाच कट. आणि माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर, मोठ्याने निघालं, “अरे गाढवा!” पंचांनी वर बघितलं. पोराचे कान लाल झाले. पुढचे दोन बोर्ड त्याने नुसते उरकले. येताना एसटीत शृंगारतळी गेली तरी एक शब्द बोलला नाही. मग आठ दिवस खोलीवर आला नाही. त्याची आई रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, “भावजी, रात्रीचा दचकून उठतोय.”

त्यात मुंबईहून माझ्या वेळचा एक खेळाडू सांगतोय की पोराला इकडे आण. नालासोपाऱ्याला त्याची मावशी राहते, शाळा तिथेच बघू, रोज संध्याकाळी क्लबात तयारीच्या मुलांबरोबर हात बसेल. मला ते पटतंय. पण पटतंय ते पोरासाठी की १९९६ च्या त्या कटासाठी, हे मला कळेनासं झालंय.

ज्यांनी मालिका पाहिली आहे किंवा ज्यांनी मुलं घडवली आहेत त्यांनी स्पष्ट सांगा. पोराला मुंबईला पाठवू का?

---

मूळ दापोली, सध्या चेंबूर

काका, मालिका मी दोनदा पाहिली, आणि गोल्फ मला घरातूनच माहीत आहे. माझे मामा दापोलीहून आले ते इथल्या गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून लागले आणि तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या. अठरा होलना चार-साडेचार तास लागतात आणि त्यात प्रत्यक्ष फटका मारण्याचा वेळ काही मिनिटांचा. बाकी सगळं चालणं आणि स्वतःशी बोलणं. मामा म्हणायचे, माणूस हरतो तो चालताना.

म्हणून मिट्सचं काम मला प्राइसपेक्षा मोठं वाटतं. एकेरी खेळात गोल्फपटूला सल्ला घ्यायची मुभा फक्त आपल्या कॅडीकडून असते. पण तो एक माणूस तरी सबंध वाट त्याच्याबरोबर चालतो. वाऱ्याचा अंदाज देतो आणि फटका वाया गेला की पुढच्या चेंडूपर्यंत पोचेस्तोवर त्याला दुसरंच काहीतरी बोलण्यात गुंतवतो. तुमच्या पोराला ते नाही. कॅरममध्ये स्टुलावर बसलं की कुणी एक अक्षर सांगायचं नाही. तिथे त्याच्याबरोबर जाईल तो फक्त तुमचा आवाज, जो त्याच्या डोक्यात बसलाय. चिपळूणनंतर तिथे कुठला शब्द बसलाय, हे तुम्हीच लिहिलंय. आधी तो काढा. मुंबईचं नंतर.

दुसरं, गुरू भेटला तरच पोरगा वर येतो असं मला वाटत नाही. आपला गोल्फपटू एसएसपी चौरसिया, त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर मैदान राखायचे. १८२९ सालचा क्लब तो, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथेच बघून बघून शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीला इंडियन मास्टर्स जिंकला, मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन. त्याच्या आधी अली शेर, दिल्लीचा कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. या दोघांना जवळ मैदान मिळालं, रोज बघायला मिळालं. तुम्ही पोराला खोली दिलीत, बोर्ड दिला, बल्ब दिला. ते लहान समजू नका.

मात्र एक खरं आहे. एका खोलीत त्याच त्याच चार माणसांशी खेळून हाताची वाढ थांबते. सुट्टीत पंधरा दिवस आणा. राहायची अडचण असेल तर आमच्याकडे आणा, आईला घेऊन.

---

तिची आई

मी चिपळूणची. मालिकेबद्दल तुम्ही सगळे प्राइस आणि सांतीवर बोलताय. मी सगळे भाग एलेनाकडे बघत काढले, सांतीच्या आईकडे. तिने मुलाला कुणाच्या हवाली केलं नाही, ती स्वतः त्या गाडीत बसली.

माझी मुलगी खो-खो खेळायची. बाराव्या वर्षी तिला एका निवासी केंद्रात पाठवली, कारण शिकवणाऱ्यांनी सांगितलं की इथे राहिली तर वाया जाईल. आम्हाला कौतुक वाटलं, पेढे वाटले. चार महिन्यांनी घरी आली तेव्हा तिचं वजन सहा किलोने उतरलं होतं आणि तिने तोपर्यंत एकदाही फोनवर तक्रार केली नव्हती. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, “सर केवढ्या आशेने बघत होते.” तिला परत उभी करायला दोन वर्षं गेली. आता ती पुन्हा खेळते, शाळेच्या मैदानावर, मैत्रिणींबरोबर. मला तेवढं पुरे आहे.

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही काय शिकवलंत, तुम्ही काय ओरडलात, मुंबईचे मित्र काय म्हणाले, त्याची आई काय म्हणाली, सगळं आहे. त्या मुलाचं एक वाक्य नाही. दोन वर्षं रोज दोन तास तो तुमच्यासमोर आहे आणि तो काय म्हणतो हे तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, की त्याला कधी विचारलंच नाही?

आणि तुम्ही लिहिलंय की मी त्याच्या मागे उभा असतो. समोर कधी बसता का? माझ्या मुलीचं खो-खो सुटलं होतं तेव्हा मी साडी खोचून अंगणात तिच्याबरोबर धावले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. तिला मी धापा टाकताना दिसले, पडताना दिसले. त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली.

---

देवबागकर

माका तुमचा लिवलला वाचून वायट वाटला. पण त्या झिलाच्या बापाशीक इचारलास काय? तो खलाशी असा म्हणजे दर्यार दहा-दहा दिस. घराक इलो की पोराक बघतलो ह्याच त्याचा सुख. मुंबैक धाडलात तर बापूस-झील भेटतले कधी? रागावू नकात. मी पण होडयेर काम केललंय, म्हणान सांगतंय.

---

मूळ दापोली, सध्या चेंबूर

देवबागकर, बरोबर बोललात. आणि काका, भविष्याची चिंता असेल तर हे पण धरून ठेवा: कॅरममध्ये पोटाची सोय अगदीच नाही असं नाही. पेट्रोलियम कंपन्या, रिझर्व्ह बँक, एलआयसी यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, त्यातून कित्येकांना नोकऱ्या लागल्या. चेन्नईची काझिमा २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णं घेऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. रिक्षा चालवणाऱ्या बापाने शिकवलेली, राहायला कोळीवस्तीच्या बाजूला. तेराव्या वर्षी घर सोडलं नाही म्हणजे गाडी चुकली, असं काही नाही.

---

पालशेतकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण लिहिण्याआधी काही करायचं होतं.

ताई, तुमचं वाक्य लागलं. खरंच विचारलं नव्हतं. त्याला काय वाटतं हे मला माहीतच आहे असं धरून चाललो होतो. आणि समोर कधी बसलो नव्हतो. दोन वर्षांत एकदाही नाही. कट कसा मारायचा हे हाताने दाखवायचो, पण पूर्ण बोर्ड त्याच्याशी खेळलो नाही.

देवबागकर, बापाची वाट बघितली. परवा पहाटे तो किनाऱ्याला लागला, संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आधी पोराची माफी मागितली, आईबापासमोर. तो जमिनीकडे बघत राहिला. बाप म्हणाला, “भाऊ, मी पण बोटीवर शिव्या खाऊनच शिकलो.” मी म्हटलं, तू खाल्ल्यास म्हणून याने का खायच्या? त्यावर तो काही बोलला नाही. आईने चहा आणला, सोबत भाजलेले काजू. मग मी मुंबईचं सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि पोराला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? खूप वेळाने म्हणाला, “मला तिकडची मुलं कशी खेळतात ते बघायचंय. पण राहायचं नाही. बाबा आले की मी इथे पाहिजे.”

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस, आईबरोबर. चेंबूरकर, तुमचं बोलावणं मी खरंच धरतोय, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय.

तिथून आम्ही तिघे खोलीवर गेलो. मी स्टुलावर त्याच्या समोर बसलो. बोटांना पावडर लावताना हात थरथरतोय हे त्याने बघितलं, मी लपवलं नाही. १९९६ चं पण सांगितलं, पहिल्यांदाच, सोंगट्या मांडता मांडता. त्याने मध्येच विचारलं, “पांढरी कुठल्या कोपऱ्यात होती?” मी डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याजवळ सोंगटी ठेवून दाखवली. त्याने वाकून, एक डोळा मिटून ती बघितली आणि म्हणाला, “काका, हा सोपा नाहीये. बेस लाइनवरून बघा, अर्धी सोंगटी कापायला लागते.”

एकोणतीस वर्षं मी तो सोपा कट समजत होतो.

मग खेळलो. पहिल्या बोर्डाला मला एक सोंगटी नीट लागेना. तिसऱ्यापासून हात मोकळा झाला. बाप बाकावर बसून दोघांच्याही चांगल्या फटक्याला मान हलवत होता. सात बोर्ड झाले, तो १६, मी ११, शेवटचा आठवा राहिला आणि लाइट गेली. मेणबत्ती आणायला निघालो तर पोरगा म्हणाला, नको, बोर्ड गार पडेल, मजा नाही येणार. तो बोर्ड आम्ही तसाच ठेवलाय, वर गोणपाट झाकून. शुक्रवारी त्याची शाळा लवकर सुटते.