मदत हवी आहे : पीटीएसडीच्या निदानानंतर योग्य थेरपिस्ट कसा निवडावा?

माझे यजमान लोकलचे मोटरमन आहेत. त्यांच्या गाडीखाली एक माणूस आल्यानंतर त्यांची झोप उडाली आणि नुकतेच मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, असे निदान केले. आम्ही कुर्ल्याला रुळांलगत राहतो. भोंगा ऐकू आला की ते हातातला कप खाली ठेवतात आणि ब्रेकचे हँडल धरल्यासारखी मूठ आवळून बसतात.

सर्ट्रालीन या नैराश्यरोधी औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या असून त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी समजावले आहे. मात्र जोडीला आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी संवाद-थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) घ्यावी, असे त्यांचे मत आहे. या पद्धतींचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले आणि मराठीतून बोलणारे थेरपिस्ट कुर्ला ते ठाणे या पट्ट्यात कोणाच्या परिचयाचे आहेत का? शीव किंवा केईएम रुग्णालयात अशी सत्रे नियमित मिळतात का? 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ आहे, परंतु आम्हाला समोर बसून, सातत्याने उपचार करणारी व्यक्ती हवी आहे.

नातेवाईक "मन घट्ट करा" असे मायेनेच सांगतात, पण त्याने यजमान अधिकच गप्प होतात, असे मला वाटते. ज्यांच्या घरी हा आजार झाला आहे, त्यांनी पहिल्या भेटीत थेरपिस्टला काय विचारले आणि कामावर परतण्याचा निर्णय कसा घेतला, हे कृपया सविस्तर लिहावे.