लाल-निळ्याचा जांभळा होत नाही, तपकिरीच होतो. काय चुकतंय?

कोरा_कागद (नाशिक)
क्लास न लावता द्विमितीय संकल्पन (सपाट कागदावर आकारांची मांडणी) आणि रंगशास्त्राचा पाया घालायचा आहे. पोस्टर कलरचा सेट आणि कार्ट्रिज पेपर आहे. बारा रंगांचं चक्र करायला घेतलं, पण व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरिनचा जांभळा थेट मळकट तपकिरी येतो. सपाट रंगही लागत नाही, ब्रशचे पट्टे दिसतात. शिवाय तक्त्यात लालसमोर हिरवा असतो, मोबाइलच्या ॲपमध्ये मात्र आकाशी. खरं कोणतं? आणि मुळात सुरुवात रंगचक्रानेच करायची का?

ठिपका
चूक हाताची नाही, बाटलीची आहे. व्हर्मिलियन हा पिवळ्याकडे झुकलेला लाल. पिवळा रंगचक्रात जांभळ्याच्या बरोब्बर समोरचा, त्यामुळे तो आत शिरला की जांभळा मेलाच. क्रिम्झन घ्या, तो निळ्याकडे झुकतो. आधी क्रिम्झन, त्यात अल्ट्रामरिन ब्रशच्या टोकाने. तयार जांभळा इतका गडद असतो की काळाच वाटतो. म्हणून कोपऱ्यात थोडा काढून पांढऱ्यात मिसळून बघा, खरी छटा तिथे कळते.

हेच सगळीकडे लागू. हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्ल्यू, नारिंगीसाठी क्रोम यलो आणि व्हर्मिलियन. नेहमी फिक्यात गडद घाला, उलटं नको. प्रशियन तर टाचणीच्या डोक्याएवढा पुरतो. पिवळा त्यात घालत बसलात तर बाटली संपेल आणि रंग हिरवट-निळाच राहील.

पट्ट्यांचं म्हणाल तर रंग धिरड्याच्या पिठासारखा पळीवाढा हवा. पाणी जास्त झालं की डाग पडतात, कमी झालं की केसांच्या रेघा उमटतात आणि जाड थर वाळून तडकतो. ५ सेंमीच्या चौकोनाला पाव चमचा तयार रंग पुष्कळ झाला, पण तो एकदाच कालवा. संपल्यावर पुन्हा केलेली छटा सहसा जुळत नाही. २ नंबरच्या ब्रशने कडा आखून घ्या आणि त्या ओल्या असतानाच ६ किंवा ८ नंबरने आतला भाग भरा. अर्धवट वाळलेल्या जागेवर परत ब्रश फिरवला की डाग पडलाच. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर कड भरेपर्यंत वाळते, तेव्हा सकाळी बसा आणि पंखा बंद ठेवा.

दुसरा हात द्यायचाच असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक जागेवरून ब्रश एकदाच न्या. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात सुटतो, घासलं की खालचा थर वर येतो. क्रिम्झन आणि प्रशियन मुळात पारदर्शक, पट्टे त्यांचेच जास्त दिसतात. चिमूटभर पांढरा घातला तर झाकलं जातं, छटा मात्र थोडी उजळते.

काळं_पांढरं
वरचं सगळं बरोबर, पण चक्रापासून सुरुवात करू नका. आधी काळ्या-पांढऱ्याची ९ पायऱ्यांची पट्टी करा. चक्र सुबक आणि चित्रं सपाट अशा वह्यांमध्ये हाच अभ्यास राहिलेला असतो.

काळा आणि पांढरा समसमान घेतला तर मधला करडा येत नाही, खूपच गडद येतो. पांढऱ्यात काळा थेंबाथेंबाने घाला. सुट्या कागदावर १५-२० करडे रंगवा, वाळू द्या (फिके वाळून जरा गडद होतात आणि गडद जरा फिके), मग कापून ९ निवडा. एकमेकांना चिकटवून ठेवा आणि डोळे किलकिले करून पहा. दोन करड्यांमधली एखादी कड बाकीच्यांपेक्षा ठळक दिसली तर तिथली उडी मोठी आहे. पट्टी झाली की बाटलीतले रंग तिच्याशेजारी धरा: पिवळा वरच्या टोकाला बसतो, जांभळा जवळजवळ तळाशी. रंगाचं नाव, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये मांडलेली पद्धत याच तिन्हींवर उभी आहे.

संकल्पनासाठी रंग नकोतच. १५ सेंमीचा पांढरा चौकोन आणि काळ्या घोटीव कागदाचे ३ सेंमीचे चार तुकडे. न चिकटवता सरकवत राहा: एकदा स्थिर, एकदा पडतंय असं, एकदा गर्दी. नवख्यांचं हमखास चुकतं ते इथे: दोन तुकड्यांचे कोपरे नुसते टेकवलेले. नजर तिथेच अडकते. एकतर स्पष्ट चढवा, नाहीतर अर्धा सेंटिमीटर तरी लांब ठेवा. उरलेल्या पांढऱ्या जागेलाही आकार असतो, तोही बघा. वारलीत गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढ्या दोन रंगांत सगळं चालतं ते याच जोरावर.

येवलेकर
ॲप आणि तक्ता दोन्ही खरे. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो, तिथे लालसमोर आकाशीच येतो. दोघे मिळून पांढरा होतात. तक्ता चित्रकारांच्या पारंपरिक लाल-पिवळा-निळा पद्धतीचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना हाच धरा. लाल ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, निळसर-हिरवा दिसेल, तक्त्यातला हिरवा आणि ॲपमधला आकाशी यांच्या मधला.

धाग्यांचं गणित आणखी निराळं. धूप-छाँव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे) दुसऱ्या. रंग कालवलेलेच नसतात, शेजारी असतात, आणि पदर हलला की कधी हा वर येतो, कधी तो. शेजार किती फसवतो ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने पॅरिसच्या गोब्लॅं विणकाम कारखान्याच्या रंगशाळेत पाहिलं. काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार होती, आणि दोष काळ्याचा नसून बाजूच्या रंगांचा निघाला. १८३९ मध्ये त्याने ते छापलं.

घरी करा: एकाच कालवणीतले ३ सेंमीचे दोन करडे चौकोन, एक १० सेंमीच्या लालवर, एक हिरव्यावर. लालवरचा हिरवट वाटेल, हिरव्यावरचा लालसर. करडा पार्श्वभूमीइतकाच उजळ ठेवा, परिणाम वाढतो. फरक जाणवत नसेल तर वर बटर पेपर ठेवून पहा.

कोरा_कागद
आभार. क्रिम्झनने जमलं. पण गडद छटांसाठी पिवळ्यात काळा घातला तर तो शेवाळी का होतो?

ठिपका
बाटलीतला काळा बहुधा निळसर असतो, म्हणजे तुम्ही नकळत हिरवाच करताय. काळ्याऐवजी किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, पिवळा गडद होऊनही पिवळ्याच घरात राहील.