एक्स५ चे स्पीकर बदलायचेत, दुकानदार वॅट सांगतो पण ओहम सांगत नाही

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. २०१२ ची बीएमडब्ल्यू एक्स५ आहे, सेकंडहँड घेतलेली, साधी हायफाय सिस्टीम, लॉजिक सेव्हन ही वरची सिस्टीम नाही. ड्रायव्हर सीटखालचा वूफर (बेसचा स्पीकर) बेस आला की फडफडतो आणि दारातला आवाज कोंदट येतो. कंपनीला नावं ठेवत नाही, गाडीचं वय झालंय आणि आधीच्या मालकाने ती कायम उघड्यावर लावलेली, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माहितीच आहे तुम्हाला. सात रस्त्याजवळ एका दुकानात दाखवली तर तो म्हणे साहेब ६.५ इंची कंपोनंट (वेगवेगळ्या स्पीकरांचा सेट) टाकू, ३०० वॅट आहे, दारात थोडी कापाकापी करावी लागेल. कापाकापी ऐकली अन् तिथनंच माघारी फिरलो. मला काचा हादरवायच्या नाहीत, अभंग, नाट्यगीतं, जुनी गाणी पुण्याला जाता-येता नीट ऐकू आली म्हणजे झालं. अँप (अँप्लिफायर) ओरिजिनलच ठेवायचाय. काय घेऊ? बायको म्हणते मोबाईलवर ऐका, तो पर्याय सोडून सांगा.

मल्टीमीटर_मामा:
काही कापू नको बे. त्या गाडीच्या दारात ४ इंची मिड म्हणजे मधल्या सुरांचा स्पीकर असतो, वर आरशाच्या कोपऱ्यात ट्विटर म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, आणि बेस सगळा सीटखालच्या वूफरवर. म्हणजे दारात मोठा स्पीकर घालून बेस वाढवायचा हा हिशोबच तिथं लागू नाही. आणि ३०० वॅट ते खोक्यावरचं, तुझा अँप तेवढं देणारच नाही तर स्पीकर घेणार कुठनं, त्यापेक्षा आरएमएस (सतत झेपणारी पॉवर) किती अन् सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती डीबी आवाज) किती ते विचार. ९२ डीबीचा स्पीकर ८९ डीबीवाल्याएवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये काढतो, ओरिजिनल अँपवर हेच कामाला येतं.
आता ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. जुना वूफर काढ, वायर सोड आणि मीटर लाव. १.६ ते १.९ च्या आसपास दाखवला तर २ ओहमचा, ३.२ ते ३.७ दाखवला तर ४ ओहमचा. २ च्या जागी ४ बसवलास तर काही जळत नाही पण पॉवर साधारण निम्मी होते, मग लोक म्हणतात एवढे पैसे घातले अन् आवाज कमीच झाला. उलटं केलंस, ४ च्या जागी २, तर अँप तापतो. फोकल (स्पीकर कंपनी) बीएमडब्ल्यूसाठीच सीटखालचा वूफर २ आणि ४ ओहम दोन्हीत बनवतं, आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का बघूनच ऑर्डर टाक.
एक महत्त्वाचं, सीट सोडायच्या आधी बॅटरीची वायर काढ आणि सीटखालचा कनेक्टर निघालेला असताना इग्निशन अजिबात लावू नको, एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला परत स्कॅनरवाला शोधत बसावं लागतं.

होटगीरोड_पाटील:
मामा बरोबर आहेत पण नवीनच कशाला ओ? फडफडतो म्हणजे बहुतेक कडेचा फोम उन्हाने कुजलाय, आतली तारेची कॉइल चांगली असणार. आपल्या सोलापुरात मिरवणुकीच्या डॉल्बीचे स्पीकर दुरुस्त करणारे कमी आहेत होय? कोन (पुढचा हलणारा पडदा) बदलणं, सराउंड (तीच कडेची फोमची रिंग) चिकटवणं त्यांचं रोजचं काम. फक्त आधी सांगायचं की हा घरच्या स्पीकरसारखा नाजूक आहे, नाहीतर ते डॉल्बीच्या हिशोबाने डिंक थापतात आणि कोन जड होऊन बसतो.

अक्कलकोट_रिटर्न:
माझं मत वेगळं. कोंदट आवाज दाराचा पण असू शकतो. पॅनल उघडल्यावर आतल्या पत्र्याला ब्युटाइल रबराचे शीट चिकटवा, पत्रा थरथरायचा थांबला की तोच स्पीकर मोकळा वाजतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतून पण लावा, पण दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साठतं.

जुळे_सोलापूरकर:
आज सीट सोडून बघितलं. मामा, उजव्या वूफरला १.८ दाखवतंय, डाव्याला पण १.८. पाटील म्हणाले तसंच निघालं, उजव्याचा फोम बोट लावलं की भुगा होतोय, डाव्याला पण बारीक चिरा आहेत. मग रिपेअर की नवीन? आणि एकच केला तर चालेल का?

मल्टीमीटर_मामा:
दोन्ही कॉइल जिवंत आहेत म्हणजे पाटलांचं ऐक, आधी फोम बदलून बघ, पैसे वाचतील. पण दोन्हीचा करायचा, एक ताठ आणि एक ढिला असला की बेस एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो. परत बसवताना प्लस-मायनसची खात्री कर, साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, दोन्ही कोन बाहेर ढकलले गेले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर बेस एकमेकाला खातो. दारातले मिड मात्र नवीन घे, ते पण मोजूनच, वूफर २ चा निघाला म्हणून मिड पण २ चाच असेल असं धरू नको.

होटगीरोड_पाटील:
डिंक लावल्यावर रात्रभर सुकू द्या म्हणावं, लगेच वाजवून दाखवायला सांगू नका.